सोळा रेघा

ज्या घरात काचेची पिचकारी नुकतीच आली आहे आणि ती उकळायची कुणी, टोचायची कुणी यावरून कुजबूज चालू आहे, त्या घरातल्या बाईसाठी हे लिहिते आहे. मधुमेह म्हणजे काय ते डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते डॉक्टरांना ठाऊक नसतं. या दुखण्यात साखरेनं मला पोखरलं, पण त्याहून जास्त हेव्यानं पोखरलं. आणि त्या हेव्यापायीच मी एका सकाळी मरता मरता राहिले. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते.

आमचं घर राहुरीचं. घरात माणसं चार. हे कचेरीत कारकून, धाकटे दीर शाळेत मास्तर. माझ्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. आणि चौथी कमल, माझी जाऊ. वय एकवीस, माहेर पुण्याचं, इंग्रजी चार इयत्ता झालेल्या. मी अडतिसाची, मराठी चौथी शिकलेली, आणि सासूबाई गेल्यापासून कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला.

*

दुखणं ओळखलं तेही कमलनंच. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं म्हणा ना.

मला तहान लागायची. तांब्यामागून तांब्या रिचवायची आणि मोरीकडे पळायची. चोळ्या सैल झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी म्हणायची, उन्हाळा आहे. एक दिवस कमल मोरी घासून बाहेर आली आणि पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "वहिनी, रागवू नका. तुम्ही जाऊन आलात की मोरीला मुंगळे लागतात. पुण्याला आमच्या मामांचं असंच झालं होतं."

"तुझ्या पुण्याला काय काय होतं, बाई!" मी म्हटलं आणि हातातलं फडकं आपटलं.

आठच दिवसांनी नगरच्या इस्पितळात डॉक्टरांनी एका नळीतल्या निळ्या पाण्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली, आणि ते पाणी बघता बघता विटेच्या रंगाचं झालं. डॉक्टर नळी खाली ठेवून म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी महिनाभर गेला असता तर कठीण होतं."

आणलंत, असं ते कमलकडे बघून म्हणाले. मरायला टेकलेली मी, आणि शाबासकी तिला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आजाराचं भय वाटलं ते नंतर. आधी वाटलं, हिनं कशाला ओळखायचं? हे घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "कमलच्या लक्षात आलं म्हणून निभावलं." ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे यांनी तोंड उघडलं की मीच ते आधी म्हणून टाकायची.

*

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नसत, म्हणून सोबतीला कमल राहिली. तीन आठवडे मी खाटेवर आणि ती खाटेखाली सतरंजीवर.

सकाळी सहाला सिस्टर यायच्या. किडकिडीत अंगाच्या, पन्नाशीच्या आणि तोंडानं फटकळ. त्यांच्या ट्रेमध्ये उकळलेल्या सुया असायच्या. सुया त्याच त्याच वापरायच्या. बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. धार बरोबर लागली का हे बघायला त्या सुईचं टोक कापसावरून ओढत. कापसाचा तंतू अडकला तर टोकाला आकडा राहिला आहे, ती सुई परत दगडावर. नव्यानं धार लावलेली सुई पहिल्या खाटेला मिळायची. माझी खाट पाचवी. पहिल्या खाटेवर एक म्हातारी होती, दाताचं बोळकं, बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोज सकाळी मी तिच्याकडे असं बघायची की जणू तिनं माझं वतन खाल्लं आहे.

शेजारच्या खाटेवर सखूबाई. सुप्याकडची शेतकरी बाई, माझ्याच वयाची, माझंच दुखणं. सिस्टर आम्हा दोघींना म्हणाल्या, "औषध जन्मभर घ्यायचंय. रोज सकाळी तुमच्या गावात मी येणार नाही. आपलं आपण टोचायला शिका."

मी म्हटलं, "मेले तरी स्वतःच्या हातानं टोचणार नाही."

"मग मराल," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

सखूबाई तीन दिवसांत शिकली. चौथ्या दिवशी मांडीवर सुई टेकवून ती माझ्याकडे बघून हसली. "आवं बाई, भ्याचं काय त्यात? रानात पायात बाभळीचा काटा मोडला तर आपुन दुसऱ्या काट्यानं काढतोच की. त्यात आन् ह्यात काय फरक हाय?"

"तुम्हाला वाचता येत नाही ना? मग औषध किती घ्यायचं ते कसं कळतं?" मी विचारलं. विचारण्यात खोच होती.

"रेघा मोजाया काय साळंत जावं लागतंय व्हय?" ती म्हणाली. "येक, दोन, तीन. पिचकारीवर लई ठळक हायेत."

वाचता न येणारी बाई माझ्यापुढे गेली होती. आणि मग खाटेखालून कमल उठली, केस बांधले आणि म्हणाली, "सिस्टर, वहिनींचं मी शिकते."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. किंवा 'मीच शिकते' म्हणायला हवं होतं. दोन्ही म्हटलं नाही. भीतीनं जीभ उचलली नाही, आणि माझं शरीर त्या दिवशी जावेच्या ताब्यात गेलं.

त्या दोघींचं शिकवणं-शिकणं चालायचं तेव्हा मी डोळे मिटून पडायची. कान मात्र उघडे. त्यामुळे उकळण्याचं, पुसण्याचं, कापसाचं सगळं मला ऐकून पाठ झालं. एक गोष्ट सिस्टर रोज विचारायच्या, "किती?" आणि कमल म्हणायची, "सोळा रेघा." ते सोळा माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

*

घरी आल्यावर आमच्या सकाळीला एक नवीन विधी लागला. तो कसा होता ते नीट लिहिते, कारण ज्यांना करायचं आहे त्यांना उपयोगी पडेल.

औषधाची बाटली उन्हात किंवा चुलीजवळ चालत नाही. कमलनं एक लहान मडकं पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलं होतं, बाटली त्यात. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यानं काचेवर पांढरा थर चढतो आणि पिचकारीचा दट्ट्या अडकायला लागतो. म्हणून आदल्या दिवशी पाणी उकळून, निवळून, फडक्यातून गाळून ठेवायचं. पिचकारी आणि दट्ट्या वेगळे करून, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, पितळी डब्यात थंड पाण्यात ठेवायचे आणि मग स्टो पेटवायचा. उकळत्या पाण्यात टाकलं तर काच तडकते. पाण्याला उकळी फुटल्यापासून पुढे वेळ मोजायची. घड्याळ यांच्या खोलीत, म्हणून कमल जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बारा ओव्या झाल्या की डबा उतरवायचा, पाणी ओतून टाकायचं आणि निवू द्यायचं. हात साबणानं धुवायचे. सुईला बोट लावायचं नाही. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटनं पुसायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "स्पिरिट म्हणजे दारूच की गं!" आणि नाक धरून बघत उभ्या राहायच्या. स्पिरिट वाळू द्यायचं. जेवढं औषध काढायचं तेवढी हवा आधी पिचकारीत घ्यायची, ती बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी करून औषध ओढायचं. बुडबुडा दिसला तर नखानं टिचकी मारायची आणि तो वर घालवायचा. मांडीची कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत. रोज जागा बदलायची, चार बोटं सोडून. वर चोळायचं नाही. आणि अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न गेलंच पाहिजे.

हे सगळं मला ओव्यांवरून आणि वासावरून कळायचं. बघायची नाही. कमल डबा उतरवायला लागली की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. सगळ्यांना वाटे, वहिनी सुईला घाबरतात. सुईला घाबरत होतेच. पण त्याहून मला तिचा चेहरा बघवत नव्हता. तिचा हात एकदाही कापायचा नाही. माझ्या घरात, माझ्या स्टोवर, माझ्या मांडीवर ती इतकी सफाईनं काम करायची की मला वाटे, हिला यात गोडी लागली आहे.

टोचून झालं की ती रोज तेच म्हणायची, "झालं वहिनी. बघा आता." आणि लगबगीनं मागच्या अंगणात निघून जायची. विहिरीवर बादलीचा आवाज यायचा, पाणी सांडल्याचा यायचा. मला वाटे, हात धुवायला पळाली. मला शिवून हिला विटाळ होतो.

*

किल्ल्याही तिच्याकडे गेल्या. त्याला कारण मीच. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कोठीत गुळाचा खडा तोंडात टाकताना सापडले. आमच्या भागात उसाचे दिवस आले की वाऱ्यालाही गुळाचा वास येतो. वाटेनं जाणाऱ्याला गुऱ्हाळावर हाक मारून गरम काकवी देतात, नाही म्हणणाऱ्याला शिष्ट म्हणतात. त्या वासात राहून मी ज्वारीची दीड भाकरी आणि मेथीची भाजी खात होते, आणि समोर तिघं पोळीवर गूळ-तूप घेत होती. यांच्या मिशीला तूप लागायचं तेही मला सोसेना. हे म्हणाले, "किल्ल्या कमलकडे राहू देत. तुझ्याच भल्यासाठी." भल्यासाठी म्हणून जे जे काढून घेतात ते पुन्हा मिळत नाही, हे मला सासूबाईंच्या वेळेपासून ठाऊक होतं. मी कमरेचा जुडगा काढून पाटावर ठेवला, तिच्या हातात दिला नाही.

गावात तिचं नाव झालं. कुणाला डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली की बायका आमच्या दारात. "कमलताईचा हात म्हणजे लोणी!" माझ्यासमोर म्हणायच्या आणि मलाच साक्षीला घ्यायच्या, "हो की नाही हो वहिनी?" मी म्हणायची, "हो तर." दात कडकडा वाजतील एवढी चीड यायची. वीस-बावीस वर्षं या घरात येणाऱ्याला मी वाढलं, कुणी म्हणालं नव्हतं की वहिनींचा हात म्हणजे लोणी.

*

सातआठ महिने असे गेले. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी औषधाची बाटली सहा दिवसांत संपायची. नगरहून नवी आणायची यांची धावपळ व्हायची, लढाईमुळे औषधाचा तुटवडा होता. आता मात्र नवी आणलेली बाटली नऊ दिवस झाले तरी संपेना. कमलला विचारायला गेले असते तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे तिच्याकडून ऐकून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे तोंड केलं, पण आधी पितळी डब्याचं झाकण उशापाशी उभं करून ठेवलं. घासून लख्ख केलेलं, त्यात तिचे हात दिसत होते. पिचकारी उजेडाकडे धरून तिनं औषध ओढलं. अर्धी. पिचकारी अर्धीच भरली होती. रेघा दिसल्या नाहीत, पण सोळा रेघांना ती जवळजवळ भरायची हे इस्पितळात मी डोळे किलकिले करून एकदा पाहिलं होतं. ही आठच देते आहे!

माझ्या अंगाची आग झाली. माझं औषध मारते आहे. मी अशीच अर्धमेली राहावी, खाटेला चिकटून राहावी, म्हणजे किल्ल्या हिच्या कमरेला राहतील. एकदा हे मनात शिरलं की पुढचं सगळं जुळत गेलं. परवा चक्कर आली ती यामुळे. पाय दुखतात ते यामुळे. यांना सांगितलं असतं तर त्यांनी तिचीच बाजू घेतली असती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. ठरवलं, आपलं आपण घ्यायचं. पुरे सोळा.

*

संधी लगेच आली. शेजारी लग्नघर होतं, हळदीला सवाष्णी बोलावल्या होत्या. मीही सवाष्णच, पण आजारी म्हणून मला वगळलं आणि कमलला बोलावलं. ती जाताना म्हणाली, "वहिनी, आठाच्या आत येते. मग आपलं इंजेक्शन आणि लगेच तुमची भाकरी."

आपलं इंजेक्शन म्हणे! सुई माझ्या मांडीत आणि इंजेक्शन आपलं.

हे नदीवर फिरायला गेलेले, भाऊजी शिकवणीला. मी स्टो पेटवला. धोतराचा तुकडा, थंड पाणी, पितळी डबा. बारा ओव्या म्हटल्या, एकही गाळली नाही. हात धुतले. बूच पुसलं. हवा सोडली, बाटली उलटी केली, दट्ट्या ओढला. एक, दोन करत सोळा रेघा मोजल्या. टिचकी मारून बुडबुडा घालवला. मांडी चिमटीत धरली आणि तिथे मात्र थांबले. हात पुढे जाईना. मग सखूबाईचा बाभळीचा काटा आठवला. डोळे मिटून टोचलं. दुखलं नाही. खरंच दुखलं नाही हो, मुंगी चावल्यासारखं झालं.

मला केवढा आनंद झाला! पिचकारी धुऊन जागेवर ठेवली आणि ओसरीवर बसले. शिंक्यात रात्रीची भाकरी होती. ती खाल्ली नाही. कमल येईल, 'चला वहिनी' म्हणेल आणि मी म्हणेन, 'माझं झालं.' तिचा चेहरा बघायचा होता, म्हणून थांबले.

थंडीचे दिवस असून कपाळावर घाम आला. मग पाठीवर. हात थरथरायला लागले. समोरची तुळस एकाची दोन दिसायला लागली. उठावंसं वाटेना आणि उगीचच सगळ्यांचा संताप आला.

कमल आली ती हळदीनं माखलेली. माझ्याकडे एक नजर टाकून आत गेली, आणि तिनं पिचकारीचा डबा उचलला. नंतर तिनं मला सांगितलं की डब्याचं बूड कोमट लागलं. ते कोमट लागलं नसतं, आणि तिनं आपलं नेहमीचं इंजेक्शन दिलं असतं, तर हे लिहायला मी उरले नसते.

ती धावत बाहेर आली. "वहिनी, तुम्ही घेतलंत? किती घेतलंत?"

जीभ जड झाली होती. तरी मी म्हटलं, "सोळा. पुरे सोळा. तुझ्यासारखे चोरून आठ नाही."

तिचा चेहरा मला बघायचा होता ना, तो बघितला. हळदीखालून पांढराफटक पडला. ती कोठीकडे पळाली. किल्ल्यांचा आवाज आला, बत्त्यानं ढेप फोडल्याचा आला. मूठभर गूळ घेऊन आली आणि माझ्या तोंडात कोंबायला लागली.

गूळ! आठ महिने जो मला विष म्हणून सांगितला होता तोच. मी थुंकले. "मारतेस मला? आता उघड उघड मारतेस?" असं काहीतरी म्हणाले. तिनं माझं डोकं काखेत आवळलं, जबडा उघडला आणि बोटानं गूळ गालात सारला. मी तिचं बोट चावले. रक्त आलं. तिनं बोट काढलं नाही. "चघळा वहिनी, चघळा, देवाची शपथ आहे," एवढंच म्हणत राहिली. गुळाला रक्ताची आणि हळदीची चव होती. मग गुळाचं पाणी, घोटघोट. मग शिळी भाकरी.

थोड्या वेळानं तुळस पुन्हा एक झाली.

*

हे नदीवरून आले तेव्हा मी खाटेवर होते आणि कमलनं बोटाला चिंधी बांधली होती. "वहिनींना उपाशीपोटी चक्कर आली," ती म्हणाली. "आणि माझं बोट दारात सापडलं." हे म्हणाले, "नशीब, तू वेळेवर आलीस." पुन्हा तेच वाक्य. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला बोचलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं होईल. बोचलंच. तिनं मला वाचवलं, वर माझी अब्रूही झाकली, आणि मला तिच्या चांगुलपणाचाही हेवा वाटला.

हे कचेरीत गेल्यावर ती औषधाचा खोका घेऊन माझ्याजवळ बसली. "दुकानात पूर्वीचं औषध मिळेना झालं, म्हणून हे दुप्पट जोराचं आणलं. याच्या आठ रेघा म्हणजे त्याच्या सोळा. तुम्ही दुप्पट घेतलंत, तेही उपाशीपोटी, त्यानं अंगातली साखर पार उतरली, म्हणून गूळ. बाटली बदलली की जोर किती ते आधी वाचायचं, मग रेघा मोजायच्या."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," कमल म्हणाली. "पहिल्याच दिवशी, बाटली हातात धरून. तुम्ही भिंतीकडे बघत होतात."

भिंतीकडे बघत मी ऐकलंही नव्हतं. तिचं बोलणं सुरू झालं की कान बंद करायची सवय मला लागली होती.

"उद्यापासून तोंड इकडे," ती म्हणाली. "मला पाचवा महिना आहे. सातव्यात मी पुण्याला जाणार."

तिनं आमच्याकडच्या मोसंबीवर माझा हात बसवला. साल टोचताना जसं जाणवतं तसंच कातडीला, असं सिस्टरनी तिला सांगितलं होतं. मी पाण्यानं मोसंबी टोचायची आणि ती शेजारी बसून बारीक चुका काढायची. खोक्यावरचे इंग्रजी आकडे तिनं मला पाटीवर गिरवायला लावले. अडतिसाव्या वर्षी जावेसमोर पाटी घेऊन बसले. रोज चडफडले, पण शिकले. जाताना तिनं किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. पाटावर ठेवला नाही.

*

ती गेली आणि पहिल्या सकाळी घर मोकळं मोकळं झालं. मला वाटलं होतं, आता सुख. कोठी माझी, स्टो माझा, मांडी माझी. रोज उठून बारा ओव्या म्हणायची आणि टोचायची. दोनदा गाठ आली, एकदा सुई बोथट होती. सगळं जमलं. पण टोचून झालं की मी उगीच थोडा वेळ बसून राहायची. 'झालं वहिनी, बघा आता' असं म्हणायला कुणी नव्हतं. गुळाची डबी मात्र उशाशी ठेवली होती, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे की किल्ल्या कुणाकडेही असोत, मूठभर गूळ आपल्या हाताशी ठेवा.

पाच महिन्यांनी कमल परत आली. मांडीवर मुलगी, गोरी, जावळ भरपूर. घरभर तिचंच कौतुक. भाऊजी तर जमिनीवर पाय ठेवत नव्हते. आलेली प्रत्येक बाई आधी कमलला भेटायची आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कशा आहात?" म्हणायची. मला पुन्हा तीच आग जाणवली. जुनी ओळखीची. म्हटलं, थांबा, उद्या सकाळी हिला दाखवते.

दुसऱ्या दिवशी स्टोचा आवाज ऐकून ती उठली. हात धुऊन आली आणि सवयीनं डब्याकडे वळली.

"तू बस," मी म्हटलं. "नुसतं बघ."

ती खाटेच्या कडेला बसली. मी एकेक गोष्ट सावकाश, दाखवून दाखवून केली. खोका तिच्यापुढे धरून जोर वाचला, इंग्रजीत. बूच पुसलं, वाळू दिलं. आठ रेघा, बुडबुडा नाही. हात जराही कापला नाही. मांडी चिमटीत धरली आणि म्हटलं, "बघतेस ना?"

मी मान वर केली.

कमलनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली होती आणि पदराचा बोळा दातात.

"काय गं, काय झालं?"

"मला नाही बघवत," ती तशीच भिंतीकडे बघत म्हणाली. "मला कधीच बघवलं नाही, वहिनी. रोज विहिरीवर जाऊन ओकायची मी. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून बादली सोडायची."

आठ महिन्यांच्या त्या सकाळी एकामागून एक माझ्यासमोर आल्या. पाणी सांडल्याचा आवाज, बादली आपटल्याचा. त्या हाताचा मी किती हेवा केला होता! माझ्या हातातली पिचकारी तशीच राहिली होती, आणि तिच्या बोटावर माझ्या दाताची पांढरी खूण दिसत होती.

मी सुई टोचली, दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, सुई काढली. कापूस ठेवला. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं, कमल," मी म्हटलं. "बघ आता."